बडोद्याहून श्टुटगार्टला: पहिल्या तीन महिन्यांत आधी काय, नंतर काय?

निमिषा_बडोदा

नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टमध्ये नोकरी लागली आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा युरोपीय नोकरी-परवाना). ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं एकदमच निघतोय, मुलगी चार वर्षांची आहे. पहिले सहा आठवडे कंपनीचं फर्निचरवालं घर, त्यानंतरचं आपलं आपण शोधायचं.

विचारायचं ते असं. पोहोचल्यावर सरकारी कामांचा क्रम काय लावायचा? कुकर, मिक्सर, तवा इथून न्यावा का? सासूबाई साजूक तूप, पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या भरून द्यायच्या तयारीत आहेत, ते चालतं का? घरमालकाशी कुठल्या गोष्टींवरून वाजतं? आणि मुलीच्या शाळेसाठी इथूनच काय करून ठेवावं? "थंडीचे कपडे घ्या, भाषा शिका" एवढं कळलंय, त्याच्या पुढचं सांगा.

---

कलाभवनकर

निमिषाताई, तिकडे सगळं पत्त्यावर अडतं, म्हणून पत्त्यापासून सुरुवात करा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी. ती नगरपालिकेच्या ब्युर्गरब्युरोत होते. नुसता भाडेकरार तिथे पुरत नाही, घर देणाऱ्याच्या सहीचा एक वेगळा फॉर्म लागतो: 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. सहा आठवड्यांच्या घरासाठी तो मिळेल का, हे कंपनीला आजच ईमेल करून विचारा. हॉटेलवजा जागांचे मालक बहुतेकदा देत नाहीत, आणि मग बँक, टॅक्स नंबर, रेसिडन्स कार्ड सगळंच रखडतं. नंतर घर बदललंत की पुन्हा दोन आठवड्यांत नवीन नोंदणी.

सोबत तिघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला. दाखल्यांवर इंग्रजी मजकूर नसेल तर इथेच महापालिकेतून तशी प्रत काढून घ्या. तिकडे जर्मन भाषांतर मागतात आणि ते शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करावं लागतं. इंग्रजीवरून करणारे जागोजागी आहेत, गुजरातीवरून करणारा शोधावा लागेल. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे, आपल्याला लागू नाही.

नोंदणी झाली की ११ आकडी श्टॉयर-आयडी, म्हणजे टॅक्स नंबर, पोस्टाने येतो. आता नीट ऐका: तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो आणि आडनाव नसेल तर पत्र परत पाठवतो. म्हणून सामान उघडायच्या आधी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनावाची चिठ्ठी. नवरा-बायकोची आडनावं पासपोर्टात वेगळी असतील तर दोन्ही लिहा. कंपनीच्या घराच्या पेटीवर कंपनीचंच नाव असतं, तिथेही आपलं जोडायला सांगा.

पगारावरचा कर कापायला तिकडे सहा कर-वर्ग असतात. टॅक्स नंबर कंपनीला वेळेत दिला नाही तर पगार सहाव्या वर्गाने कापला जाऊ शकतो, म्हणजे सगळ्यात जास्त. जादा कापलेले परत मिळतात, पण पहिल्या दोन महिन्यांत डिपॉझिट भरायचं असतं तेव्हा ते हातात नसतात. जोडप्याला आपोआप ४/४ वर्ग लागतो, म्हणजे दोघांना चौथा. एकच कमावता असेल तर फिनान्त्सआम्टकडे (कर कार्यालय) ३/५ साठी, म्हणजे कमावत्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा, असा अर्ज करा, हातात येणारा पगार चांगलाच वाढतो. वर्षाचा एकूण कर बदलत नाही, आणि ३/५ घेतलं की रिटर्न भरणं बंधनकारक होतं.

आरोग्य विमा सरकारी पद्धतीचाच घ्या. एकाच्या हप्त्यात बिनकमाईची बायको आणि मूल फुकट येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. तरुण माणसाला सुरुवातीला तो स्वस्त दिसतो, पण पुढे सरकारीत परतणं अवघड असतं.

रेसिडन्स कार्डचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेलाच पाहिजे. आनमेल्डुंग झाल्याच्या आठवड्यातच ऑनलाइन टाका आणि पोचपावती जपा.

एक पत्र रुंडफुंकबाइट्रागचं येईल, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. जाहिरात समजून फेकू नका, थकबाकी चढून वसुलीपर्यंत जातं.

---

पोळपाट_लाटणं

सासूबाईंना आधी समजवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेताच येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंडाच्या वड्या सगळं त्यात आलं. पकडलं की कचऱ्यात, वर दंड होऊ शकतो. ताजी फळं-भाज्या आणि ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. (नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे, पण केळी घेऊन विमानात कोण बसतं!) गोडा मसाला, मेतकूट, तिखट, पापड, तेलात तळलेला चिवडा, भाकरवडी बिनधास्त न्या. लिलो चिवडा ओलसर असतो, तो आधी संपवा.

तुपाची चिंता नको. २५० ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी मिळतं, त्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो. मंद आचेवर कढवलं की १९०-२०० ग्रॅम तूप उतरतं. साय साठवून लोणी काढायचा उद्योग मात्र विसरा, कारण दूध होमोजिनाइज केलेलं असतं आणि त्यावर जाड साय धरत नाही. चक्क्याला 'क्वार्क' घ्या, डब्यावर ४० टक्के लिहिलेला. मागेर-क्वार्क बिनस्निग्धांशाचा, त्याचं श्रीखंड खडबडीत होतं. ५०० ग्रॅम क्वार्क पंच्यात बांधून फ्रिजमध्ये दोन-तीन तास टांगा, मग पिठीसाखर, वेलची, जायफळ. मूळचा आंबटपणा आपल्या चक्क्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा साखर चाखत चाखत घाला.

आता शेगडी. गॅस क्वचित. काळी काच दिसली की सगळे "इंडक्शन" म्हणतात, पण ती 'सेरान' असण्याचीही तितकीच शक्यता. सेरानमध्ये काचेखाली तापणारी तार असते, चालू केली की लाल दिसते आणि कुठलंही सपाट भांडं चालतं. इंडक्शनवर तळाला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं, म्हणजे नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बाद. घर अजून ठरलेलं नाही, म्हणून दोन्हींवर चालणारा इंडक्शन तळाचा स्टीलचा कुकर घ्या, ३ किंवा ५ लिटरचा. तळाचा व्यास बघा. शेगडीची वर्तुळं साधारण १४.५, १८ आणि २१ सेंटिमीटरची असतात, लहान तळ मोठ्या वर्तुळावर ठेवला तर वीज फुकट. सोबत दोन गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह न्याच, आपल्या कंपन्यांचे भाग तिथल्या साध्या दुकानात नसतात.

सेरानवर कुकर लावताना मेख अशी की बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेली राहते. गॅसच्या हिशेबाने तीन शिट्ट्यांवर बंद केलंत तर चौथी-पाचवी होतेच आणि भाताची खीर होते. पहिल्या शिट्टीपर्यंत मोठी आच, मग ९ पैकी ३-४ वर, आणि शेवटी कुकर उचलून थंड वर्तुळावर. उचलून म्हटलं, ओढून नाही. ओरखडे पडले की काचेचे पैसे डिपॉझिटमधून जातात.

खोलगट तवा नेऊ नका, तो मधल्या टिकलीएवढाच टेकतो. सपाट, जाड तळाचा न्या किंवा तिथेच बिडाचा पॅन घ्या. फुलका सेरानवर छोटी जाळी ठेवून फुगतो. इंडक्शनवर जाळीचा उपयोग नाही, तव्यावरच कापडाने कडेकडेने दाबायचा.

कणीक भारतीय दुकानात मिळते. अडलं तर जर्मन पिठाच्या पुड्यावरचा आकडा वाचा. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. १०५० आणि 'फोलकॉर्न' (कोंड्यासकट) गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेतलं की पोळी जमते. कोंडा जाडसर असतो, म्हणून पाणी थोडं जास्त आणि कणीक अर्धा तास झाकून. मसूर डाळ, छोले, बेसन साध्या दुकानातही असतात. तूर, पोहे, साबुदाण्यासाठी भारतीय दुकान. कोथिंबिरीच्या जुड्या तुर्की दुकानात.

मिक्सर न्या. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. अर्थिंगची पट्टी असलेलाच अ‍ॅडॅप्टर घ्या. रस्त्यावरच्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये अर्थिंग मधेच तुटतं, आणि ओल्या हाताने चालवायच्या यंत्राला ते नको.

---

सुरसागर

घरमालकाशी वाजतं ते मुख्यतः पाण्यावरून: बाथरूमचं आणि भिंतीतलं.

बाथरूमच्या जमिनीला शॉवरच्या बाहेर मोरी नसते. आपल्या पद्धतीने बादली ओतून फरशी धुतलीत तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरेल. ओलं फडकं, एवढंच. 'हाफ्टफ्लिष्ट' नावाचा विमा पहिल्याच आठवड्यात घ्या, आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान तो भरतो. इमारतीची किल्ली हरवण्याची जोखीम त्यात आहे का ते पाहून घ्या. एक किल्ली हरवली तर सगळ्या इमारतीची कुलुपं बदलावी लागू शकतात.

दुसरं पाणी हवेतलं. खिडक्या इतक्या घट्ट की आत झालेली वाफ बाहेर जात नाही. कुकर, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे, सगळ्यांची वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जमते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मग घरमालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडल्या नाहीत, तुम्ही म्हणता भिंतच खराब आहे, आणि भांडण डिपॉझिटवर येतं. उपाय: दिवसातून दोन-तीनदा ५ ते १० मिनिटं खिडक्या सताड उघडा, शक्यतो समोरासमोरच्या, हीटर बंद करून. खिडकी दिवसभर तिरकी (वरून थोडीशी उघडी) ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. १०-१५ युरोचा आर्द्रतामापक घ्या, काटा ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून ५-१० सेंटिमीटर पुढे.

हीटरच्या बटणावर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. न वापरायच्या खोलीतही १६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. हीटिंगचे पैसे दरमहा अंदाजाने कापतात, खरा हिशेब वर्षाने येतो. पहिल्या वर्षी थोडे बाजूला ठेवलेले बरे.

घर शोधताना जाहिरात कशी वाचायची: '३-त्सिमर' म्हणजे आपला टू बीएचके, कारण हॉल मोजतात आणि स्वयंपाकघर-बाथरूम मोजत नाहीत. 'काल्टमीटे' नुसतं भाडं, 'वार्ममीटे' हीटिंग-पाण्यासकट, आणि वीज-इंटरनेट बहुधा दोन्हींच्या बाहेर. 'आइनबाउक्युशे' (बसवलेलं स्वयंपाकघर) हा शब्द नसेल तर स्वयंपाकघरात शेगडी काय, सिंकही नसेल. दिव्यांच्या जागी छतातून वायरी लोंबत असतील. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा कायद्याने हक्क आहे. भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची, म्हणून घाईत सही करू नका.

श्टुटगार्टची खास भानगड 'केरवोखे'. इमारतीचा जिना, तळघर, पुढची पायवाट झाडायची पाळी. पाळी आली की दारावर पाटी लटकते. करारात असेल तर करावीच लागते, आणि शेजारी पाटीकडे बघून असतात. हिवाळ्यात तिच्यात बर्फ उपसणंही येऊ शकतं, करार वाचा.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. ड्रिल, व्हॅक्यूम, मिक्सरवर पहाटेची चटणी नको. काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या त्याही रविवारी नाही. काच रंगाप्रमाणे वेगळ्या डब्यांत टाकतात, आणि निळी काच हिरव्याच्या डब्यात जाते, हे बऱ्याच जर्मनांनाही ठाऊक नसतं. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, मशीनला बारकोड वाचावा लागतो, म्हणून बाटली चेपू नका. रविवारी दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच.

---

निमिषा_बडोदा

खूप खूप आभार! कंपनीला फॉर्मबद्दल ईमेल टाकला. दोन प्रश्न राहिले. टॉयलेटला जेट नसतो असं ऐकलं, बसवता येतो का? आणि देव्हाऱ्यात रोज निरांजन-उदबत्ती असते, त्याने धुराचा अलार्म वाजेल का?

---

दोन_मुलांची_आई

वरच्यांनी मुलीचा भाग सोडला म्हणून लिहिते.

चार वर्षांची म्हणजे किंडरगार्टन, तिकडे सगळ्याला सरसकट 'किटा' म्हणतात. शाळा सहाव्या वर्षी. पहिल्या वाढदिवसापासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क आणि जागा यांत अंतर असतं. जागा मुख्यतः सप्टेंबरात रिकाम्या होतात आणि तुम्ही ऑक्टोबरात पोहोचताय, म्हणून पत्ता मिळाला त्याच दिवशी नाव घाला, एकाच ठिकाणी नाही.

प्रवेशाला गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, मार्च २०२० पासून कायदाच आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाचे दोन डोस हवेत. आपल्याकडचे दोन्ही एमआर किंवा एमएमआरचे डोस झाले असतील तर चालतं, पण नोंद ममता कार्डावर गुजरातीत असते, ती तिकडे कोण वाचणार? इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या: लसीचं नाव, प्रत्येक डोसची पूर्ण तारीख, सही-शिक्का. एखादा डोस राहिला असेल तर निघण्यापूर्वीच देऊन टाका.

जागा मिळाली तरी पहिले दोन ते चार आठवडे आई किंवा वडलांनी मुलासोबत किटात बसायचं असतं, आधी तासभर, मग हळूहळू कमी. निमिषा, तुझी नोकरी किंवा भाषेचा वर्ग त्याच काळात सुरू होईल असं ठरवू नकोस. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा असते, वेगळं परमिट लागत नाही. मुलं पावसातही बाहेर खेळतात. पावसाळी पँट आणि गमबूट तिथेच घे, बडोद्याचा रेनकोट त्या चिखलाला पुरत नाही.

किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज विसरू नकोस, २०२६ पासून मुलामागे महिन्याला २५९ युरो. अर्जाला मुलीचाही टॅक्स नंबर लागतो. उशीर झाला तर मागचे सहाच महिने मिळतात.

औषधं स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांची नेता येतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत असू दे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री ताप चढला पण जिवावरचं नाही, तर ११६११७. खरी आणीबाणी असेल तर ११२.

---

मांडवीकर

इकडची कामं कोणी लिहिली नाहीत. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) नियमाने तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करावं लागतं. हे निघण्याआधी शाखेत बोलून ठेवा. तिकडून कुरियरने कागद पाठवत बसणं आणि व्हिडिओ केवायसी अडकणं, दोन्ही डोकेदुखी. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवीन उघडता किंवा पुढे वाढवता येत नाही.

मोबाइल नंबर बंद पडला की ओटीपी बंद, ओटीपी बंद की सगळं बंद. रोमिंग इथेच चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरच्या कोणाला तरी सांगून ठेवा. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आई-वडलांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी करा, नंतर भारतीय वकिलातीच्या अपॉइंटमेंटपासून सुरुवात होते.

गाडी: भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं, जर्मन भाषांतरासोबत. पुढे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. श्टुटगार्टात गाडीची घाई नाही. डॉइचलांडटिकीट, म्हणजे देशभराचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोला, लोकल, बस, मेट्रो सगळं त्यात, जलद आयसीई-आयसी सोडून. सहा वर्षांखालचं मूल फुकट. बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत, नाहीतर पुढचा महिना लागतो.

---

कलाभवनकर

एक राहिलं. नाताळात बडोद्याला यायचा बेत असेल आणि कार्ड हातात आलेलं नसेल, तर 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. ८१ परिच्छेद ४ असेल तरच बाहेर जाऊन परत येता येतं. ८१ परिच्छेद ३ असेल तर परतताना अडाल. तिकीट काढण्याआधी तो आकडा वाचा.

---

सुरसागर

निमिषाताई, जेट बसतो. टॉयलेटची टाकी बहुतेक भिंतीत असते, म्हणून जोड वॉशबेसिनच्या खालच्या कोपऱ्यातल्या नळाला, 'एकव्हेन्टिल'ला द्यायचा. ते ३/८ इंची असतं. ३/८ चा टी-जोड, बंद करायची कळ असलेला, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातूनच घ्या. आपल्याकडचे जोड बहुतेक १/२ इंची, ते बसत नाहीत. वापर झाला की कळ बंद करा. नुसता पिस्तुलाचा चाप सोडला तर पाइपात दाब राहतो, आणि पाइप फुटला तर पुन्हा खालच्या घराचं छत. जुना जोड डब्यात जपून ठेवा, घर सोडताना परत लावायचा.

अलार्म झोपायच्या खोल्या आणि पॅसेजमध्ये कायद्याने असतातच, काढायचे नाहीत. ते धुराचे कण पकडतात, ज्योत नाही. निरांजनाला काही होत नाही, पण उदबत्ती थेट खाली लावली तर वाजू शकतो, आणि धूप-लोबान तर नक्कीच. देव्हारा स्वयंपाकघरात किंवा हॉलच्या खिडकीजवळ ठेवा, पॅसेजमध्ये नको. फोडणीचंही तेच. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. धूर झाला म्हणून जिन्याकडचं दार मात्र कधी उघडू नका, वासाच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. चिमणी बाहेर हवा सोडणारी नसेल तर तिच्यात कोळशाचा फिल्टर असतो, आपल्या फोडण्यांना तो दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागेल.